पट्टीच्या अलीकडे

सिल्वासाला बदली होऊन आले, आणि नव्या शिक्षिकेला नाटकाचं वेड आहे ही बातमी इथल्या मराठी मंडळींना कशी लागली कोण जाणे. दरवर्षीच्या एकांकिकेचं दिग्दर्शन माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर गळा मीच पुढे केला होता. नट कारखान्यांतले आणि कचेऱ्यांतले. तालीम रविवारी सकाळी, आमलीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये. तिथे रंगमंच नव्हता, म्हणून मी तो खडूने फरशीवरच आखायचे: मागे तीन चौकोन, मध्ये तीन, पुढे तीन. डावं-उजवं नटाचं धरायचं, प्रेक्षकांचं नव्हे, हे दर रविवारी नव्याने सांगावं लागे. कुणाचा चौकोन चुकला की मी वर्गात ओरडते तशीच ओरडायचे. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आमच्या कोकणात तो कुणी मनावर घेत नाही, इथे लोक बिचारे घाबरायचे.

त्या वर्षी बापाची भूमिका मी नरोलीतल्या एका मशीन ऑपरेटरला दिली होती. माणूस चाळिशीचा, धुळ्याकडचा, आयुष्यात पहिल्यांदाच नाटकात उभा राहणारा. तालीम चुकू नये म्हणून तो शिफ्ट बदलून घ्यायचा. जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी संवादांची वही उघडी ठेवतो, असं त्याच्याबरोबरचे लोक हसत सांगायचे.

शेवटच्या प्रवेशात बाप घर सोडून निघालेल्या मुलीशी बोलत पुढच्या मधल्या चौकोनात येतो, म्हणजे आमच्या भाषेत डाउन सेंटरला. स्पॉटचा झोत तिथेच पडणार, नाटकही तिथेच संपणार. पण ये-जा करून खडू पुसला जायचा. शेवटी एका नटाने कारखान्यातून पिवळ्या चिकटपट्टीचं उरलेलं रीळ आणलं आणि मी तो चौकोन पक्का करून टाकला.

त्या दिवसापासून हा माणूस पुढे येईना. आधीचे सगळे रविवार बरोबर आला होता. आता बोलत बोलत यायचा आणि पट्टीच्या वीतभर अलीकडे थबकायचा. मी समजावलं, मग ओरडले. पुढच्या रविवारी तर सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊ, नाचता येईना अंगण वाकडं, असं चाललंय तुमचं." आणि त्याचा दंड धरून त्याला पट्टीपलीकडे ओढलं. तो पांढराफटक पडला आणि खाली बसला.

भूमिका दुसऱ्याला द्यायची, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. पाणी प्यायल्यावर तो म्हणाला, "पाय उठत नाही ना मॅडम तिथून. कंपनीत पिवळ्या पट्टीच्या आत मशीन राहतं. मागच्या साली बाजूचा माणूस पट्टी ओलांडून गेला, अडकलेला माल काढायला. बंद करायचं बटण माझ्याजवळ होतं. दाबलं मी. पण उशीर झाला. कोपरापर्यंत गेला त्याचा हात." मग म्हणाला, "मला काढू नका मॅडम. मी करतो काहीतरी."

मला माझीच लाज वाटली. गुडघ्यांवर बसून मी ती पट्टी नखांनी उचकटून काढली. पट्टी गेली तसा तो सरळ पुढे आला आणि पूर्वीपेक्षा सुंदर बोलला.

प्रयोगाच्या संध्याकाळी नाट्यगृहात पोचले आणि पाहते तर काय! कुणी खाली पडू नये म्हणून रंगमंचाच्या पुढच्या कडेपासून चांगली तीन फूट आत, या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी-काळी पट्टी. मी काढायला वाकले तर तिथला रखवालदार धावत आला. "मॅडम, ये नहीं निकलेगा. एक आदमी गिर चुका है यहाँ से." स्पॉट सरकवायला सांगितलं, तर दिवे लावायची शिडी परत गेली होती. मग मी बापाचं काम करणाऱ्याकडे गेले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्हाला जमेल तिथे उभे राहा. चेहरा अंधारात राहिला तरी चालेल." एकेका पावलासाठी भांडणारी मी, हे मनापासून म्हणाले.

शेवटचा प्रवेश मी विंगेतून पाहत होते. तो पट्टीच्या अलीकडे थांबला. छातीवर उजेड, तोंडावर सावली. बोलत मात्र छान होता. मुलीचं काम करणारी, एका कचेरीतली मुलगी, चष्मा काढून पट्टीपलीकडे उभी होती. चष्म्याविना पायाखालची पट्टीही तिला नीट दिसत नसणार. त्याला उजेडात यायला जागा करत ती त्याच्याकडे तोंड करून एक पाऊल मागे सरकली, मग आणखी एक. तिच्या टाचेमागे लाकूड संपलं होतं.

तो दोन ढांगांत पट्टी ओलांडून गेला आणि त्याने तिचं मनगट धरून तिला आत खेचलं. मग तिथेच, भर उजेडात, हात न सोडता त्याने उरलेलं भाषण पुरं केलं. प्रेक्षकांना ते नाटकातलंच वाटलं. पडदा पडला तेव्हा मी रडत होते.

रंगपटात तो भिंतीला टेकून उभा होता, बसायला तयार नव्हता. मी कौतुक करायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "मॅडम, तिचा हात बघा ना जरा. जोरात ओढला मी."

मी जाऊन पाहिलं. मनगटावर चार बोटं लाल उठली होती, बाकी काही नव्हतं. परत येऊन त्याला सांगितलं, "हात ठीक आहे, भाऊ." त्याने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.