शेलारभाऊंच्या जोड्या

नवीन यंत्रापाशी गेले की शेलारभाऊ आधी दोन्ही हात पाठीमागं बांधत. मग ऑपरेटरला एकच व्हॉल्व्ह किंचित उघडायला सांगत, बाकीच्यांना हात लावू देत नसत आणि कुठला काटा किती हलतो ते बघत उभे राहत. कुणी घाई केली की म्हणत, "कोण कुणाचं ऐकतंय ते आदी कळू द्या. सोयरीक मागनं."

उर्स्याजवळच्या रंगाच्या कारखान्यात ते आमच्या इन्स्ट्रुमेंट विभागाचे प्रमुख होते. वडिवळ्याच्या भातखाचरातून इंजिनिअर झालेले. ड्रॉइंग इंग्रजीत काढत, बोलत मात्र घरचंच. मी तिथं उमेदवारीवर लागले होते. परीक्षेत पहिली आलेली. सुवर्णपदक गळ्यात घालून फिरत नव्हते एवढंच, चालणं तसंच होतं.

एकदा गरम आणि गार पाणी मिसळणारी टाकी आली. बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान आणि प्रवाह, दोन्ही नेमके राहायला हवे होते. हाताशी दोन व्हॉल्व्ह: गरम पाण्याचा जाडजूड, गार पाण्याचा बारका. कुठलं मोजमाप कुठल्या व्हॉल्व्हला बांधायचं, ते भाऊंनी माझ्यावर सोपवलं. जमलं तर नोकरी कायम, नाहीतर लोणावळ्याला मामाच्या दुकानात चिक्कीची पाकिटं भरायची. तापमान म्हटलं की गरम पाणी, यात विचार तो कसला? मी तापमान गरम व्हॉल्व्हला बांधलं, प्रवाह गारला. भाऊंनी विचारलं, हलवून बघितलं का? मी म्हटलं, गरज नाही. ते नुसतं "बरं" म्हणाले. त्या "बरं"ला घाबरायचं असतं, हे शिकायला माझं वय कमी आणि मार्क जास्त होते.

चाचणी नुसत्या पाण्यावर होती. एकेक जोडी वेगळी चालवली तेव्हा दोन्ही गुणी. एकत्र सुरू केल्या आणि भांडण जुंपलं. तापमान जरा उतरलं, गरम व्हॉल्व्ह उघडला. त्यानं प्रवाह वाढला, म्हणून दुसऱ्यानं गार पाणी तोडलं. तापमान भलतंच चढलं. मग पहिला मिटला, प्रवाह पडला, गार पाणी धो धो आलं. काटे भुशी धरणाच्या पायऱ्यांवर घसरणाऱ्या पर्यटकांसारखे वरखाली. मी बटणं पिळत राहिले. भाऊ हात बांधून उभे.

शेवटी मीच दोन्ही जोड्यांचं आपोआप चालणं बंद केलं आणि जाडा होता तसा ठेवून बारका व्हॉल्व्ह हातानं किंचित उघडला. प्रवाह जेमतेम हलला, तापमान मात्र चटकन उतरलं. तापमान बारक्याचं ऐकत होतं, प्रवाह जाड्याचं. मी वायरींची अदलाबदल केली. काटे हळूहळू जागेवर टेकले.

तेवढ्यात मोठे साहेब आले. आलेखावरचे डोंगर बघून त्यांनी विचारलं, हे कुणाचं काम? मी हात वर केला. आधी उलटं जोडलं होतं, म्हणाले मी. साहेब भाऊंकडे वळले आणि अशा मुलीला ठेवायचं कशाला, असं माझ्यासमोरच म्हणाले. मला चिक्कीचा वास येऊ लागला.

भाऊ शांतपणे म्हणाले, "जोडणारे लय मिळत्यात साहेब. आपलं जोडलेलं आपल्याच हातानं सोडणारं एखादं माणूस हितं असू द्या."

मी कायम झाले. भाऊ निवृत्त झाले, गेल्या वर्षी वारलेही. आता नातवंडं विचारतात, आजी, तुला नोकरी कशी मिळाली? मी सांगते, वायर काढली म्हणून. त्यांना वाटतं, आजी फेकतेय.