डोंगर ती पूर्व

आधीच सांगून ठेवतो, चूक माझी नव्हती. डोंगराची होती. आता तुम्ही हसणार. हसा! पण आधी सगळं ऐका आणि मग सांगा, माझं कुठं चुकलं.

मी कशेळ्याचा. आमच्या अंगणातून समोर घाटाची भिंत दिसते, दिवस तिच्यावरूनच उगवतो. त्यामुळे आमच्या घरी दिशा शिकवायची पद्धत एकच. डोंगराकडे तोंड करायचं, ती पूर्व. डावा हात उत्तर, उजवा दक्षिण. बापानं मला असंच शिकवलं आणि त्याच जोरावर मी भूगोलात एम.ए. झालो. तिथंही कुणी हरकत घेतली नाही, बरं का!

तर नेरळला भरतीच्या परीक्षांचा एक क्लास आहे, जोशी मॅडमचा. त्यांना भूगोलाला माणूस हवा होता आणि मला नोकरी. दोन वर्षं घरी बसून बायकोचे टोमणे खात होतो. मॅडम म्हणाल्या, एक तास घेऊन दाखवा, पटलं तर सोमवारपासून या. म्हणजे सगळी भिस्त त्या एका तासावर.

संध्याकाळची वेळ, आभाळ गच्च, आणि ऐन वेळी लाइट गेली. मॅडम म्हणाल्या, गच्चीवर घ्या. मला आनंदच झाला. वर गेलो तर समोर हा एवढा थोरला डोंगर! मी तीसच्या तीस पोरांना त्याच्याकडे तोंड करून उभं केलं आणि ठणकावून सांगितलं, "ही पूर्व. परीक्षेत विसरायचं नाही."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, भारावली. मॅडम मागे खुर्चीत बसून फोनवर बोलत होत्या. मी जिल्ह्याचा नकाशा, त्याची पूर्व डोंगराकडे करून, जमिनीवर पसरला. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो, हेही लिहून दिलं.

तेवढ्यात प्रणाली नावाची पोशीरची एक मुलगी उठली. "सर, त्यो माथेरानचा डोंगर हाय. मी सकाळी पोशीरवरनं येते तवा ऊन पाठीवर आसतं नि त्यो समोर आसतो."

इथं मी थांबायला हवं होतं, कबूल. आमच्या तालुक्याला दोन्ही अंगांना डोंगर आहेत, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मागे मॅडम, पुढे सोमवार, आणि त्यात आमचा स्वभाव! मी म्हणालो, रस्ता वळणावळणाचा असतो, चालणाऱ्याला कळत नाही.

मग एकानं मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. काटा माझ्या नकाशाच्या बरोब्बर उलटा. मी सांगितलं, रेल्वेच्या विजेच्या तारांनी काटा फिरतो. हे कुठल्या पुस्तकात आहे, असं त्यानं विचारलं. पुढच्या आवृत्तीत येईल, म्हणालो. माघार घेणारे आम्ही नव्हे!

शेवटी माझं डोकंच फिरलं. छाती काढून म्हणालो, "ढग हटू देत. प्रत्यक्ष सूर्यच सांगेल."

आणि ढग हटले हो!

सूर्य बरोब्बर माथेरानच्या डोक्यावर होता. लालबुंद. मी घड्याळ पाहिलं, साडेसहा. हीच सकाळ असती तर मी जिंकलो होतो! तीस चेहरे माझ्याकडे वळले.

प्रणालीनं अगदी साधेपणानं विचारलं, "सर, मंग आता ह्यो उगवतोय का?"

दुसरा कुणी असता तर पाय धरले असते. मी म्हणालो, "घाई करू नका. थांबून बघू, वर जातो का."

आम्ही थांबलो. सगळा क्लास, डोंगराकडे तोंड करून. सूर्य गुपचूप माथेरानमागे गेला. एव्हाना मॅडमचा फोन संपला होता आणि त्या उठून माझ्या शेजारी उभ्या होत्या. नोकरी गेली, हे मी ओळखलं. पण मान खाली घातली नाही, त्या डोंगराकडेच रागानं बघत राहिलो.

मॅडम म्हणाल्या, "भूगोल तूर्त प्रणाली घेईल. तुम्ही सोमवारपासून इतिहासाला या. तिथं जे व्हायचं ते होऊन गेलंय. तुम्हाला बिघडवता येणार नाही."