नानांच्या सिनेमाचा शेवट

काटा असलेली कुठलीही वस्तू दिसली की नाना तिला टिचकी मारत. भिंतीवरचं घड्याळ, भाजीवाल्याचा तराजू, डॉक्टरांचं रक्तदाबाचं यंत्र, कशाचीच सुटका नव्हती. भोकरदनच्या एसटीत ते मुद्दाम ड्रायव्हरमागे उभे राहत आणि कायम शून्यावर असलेला वेगाचा काटा बघून कासावीस होत. “काट्यावर बिलकुल भरोसा ठेवू न्हाई, बाबू,” ते मला बजावत. “तो बी नोकरीच करून राह्यला.”

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये नाना भट्टी सांभाळत. मी तिथेच हजेरी लिहायचो आणि नाना-काकूंच्या शेजारच्या खोलीत राहायचो. त्यांच्याकडे व्हीसीआर होता आणि कॅसेट एकच, अणुवीज केंद्रावरच्या एका जुन्या इंग्रजी सिनेमाची. नुसते भोंगे, लाल दिवे आणि घामेजलेली माणसं. दर रविवारी सकाळी आंघोळ करून नाना तो लावत. सगळा पाठ असूनही भोंगा झाला की उठून उभे राहत आणि पडद्यावरच्या साहेबाला, आज तरी त्या बिचाऱ्याचं ऐक, म्हणून विनवत.

इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. पण मी लोकांचे फॉर्म भरून देतो म्हटल्यावर दुभाष्या मीच. मी बेधडक ठोकून द्यायचो. माझ्या भाषांतरात साहेब रजा नाकारायचा आणि कँटीनचा चहा पातळ असायचा. शेवटी एक म्हातारा ऑपरेटर वॉल्व बंद करायला आत जातो, लोखंडी दार मागे लागतं आणि बाहेर त्याची बायको रडते. पहिल्यांदा ते बघून नानांचा चेहरा असा उतरला की मला राहवेना. पडद्यावर नावं सरकत होती, ती मी वाचल्यासारखं केलं: तो बाहेर आला, त्याला बढती मिळाली, आता गावी असतो. नाना म्हणाले, “बराबर.”

एका दुपारी आमच्या भट्टीची तेलाची नळी फुटली. सगळे गेटबाहेर पळाले. मीही पळालो, तेही हजेरीचं रजिस्टर छातीशी धरून. नाना मात्र ओलं पोतं पांघरून वॉल्व बंद करायला आत गेले. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की हा माणूस माझ्या भाषांतराच्या भरवशावर आत गेलाय. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. भुवया तेवढ्या गेल्या होत्या आणि एक हात भाजला होता.

दवाखान्यात मी रडत सगळं कबूल केलं. नानांनी आधी सलाईनच्या बाटलीला टिचकी मारली. मग म्हणाले, “ठाऊक हाय मला. नवऱ्याच्या बढतीला बायको रडती का कुठं?”

मग आत कशाला गेलात, असं मी विचारलं.

“वॉल्व कुणीतरी बंद कराया पायजे होता. अन् तू बाहेर हायेस म्हणल्यावर काय भ्याव? माझं काय बी झालं असतं तरी काकूला तू चांगलंच सांगितलं असतं.”

त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी भट्टीबरोबर कॅसेटचीही पूजा केली. सिनेमातल्या त्या केंद्रातल्या लोकांनी यंत्रावर कधी साधं फूल वाहिलं नाही, म्हणून तिथे ते सगळं झालं, असं त्यांचं ठाम मत होतं. झाकण उघडून त्यांनी थेट फितीलाच हळदकुंकू लावलं. फीत शेवटाशी थांबलेली, त्यामुळे नेमका शेवटच गेला. पुढे म्हाताऱ्याने दाराकडे पाऊल टाकलं की पडद्यावर नुसत्या मुंग्या. नाना खूश झाले, कारण दार आता लागतच नव्हतं. तरी त्या मुंग्यांकडे बघत ते माझ्याकडून शेवट वाचून घेतच राहिले.

काही वर्षांनी नाना गेले. आपल्या घरी, झोपेत गेले. तेराव्यानंतरच्या रविवारी काकूंनी मला बोलावलं आणि कॅसेट लावली. भोंगा झाला. उभं राहणारं कुणी नव्हतं, म्हणून मीच उभा राहिलो. मग मुंग्या आल्या. काकूंनी टीव्हीच्या काचेला टिचकी मारली आणि म्हणाल्या, “वाच, बाबू.”

मी वाचलं. तो बाहेर आला, त्याला बढती मिळाली, आता गावी असतो.

काकूंनी पदराने डोळे टिपले. म्हणाल्या, “बराबर.”