पाचटाच्या कांड्या

दौंड मागे पडलं, एसटीने भीमेचा पूल ओलांडला आणि दोन्ही अंगांना ऊस सुरू झाला. तोडणीचे दिवस होते. उसाच्या ट्रॉलीमागे रेंगाळत श्रीगोंद्याला पोहोचायला बारा वाजले. स्टँडवर सुरेखा स्कूटी घेऊन उभी होती. पुण्यात मामाकडे राहून शिकलेली ही माझी विद्यार्थिनी आता इथल्या एका वस्तीवर नांदते आहे.

"बाई, आधी जेवण, मग कारखाना," तिने बजावलं.

भाकरी आणि शेंगोळी (हुलग्याच्या पिठाचे वळून रश्शात शिजवलेले तुकडे) होती. घाईने पहिला घास घेतला आणि जीभ पोळून घेतली.

तिचा कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. ऊस तुटला की शेतात वाळका पाला उरतो, तेच पाचट. बहुतेक जण ते पेटवून देतात. सुरेखाने जुन्या कडबाकुट्टीची (चारा कापायच्या यंत्राची) पाती बदलून घेतली. त्यात पाचट बारीक करून ती दाबयंत्रातून मनगटाएवढ्या कांड्या काढते. आसपासची हॉटेलं लाकडाऐवजी त्या जाळतात.

"आदी ऊसतोडीला गाव सोडावं लागायचं," तिथे काम करणाऱ्या मंदाताई म्हणाल्या. "आता आमी चौघी हितंच हाय, वर्सभर."

शेडमागे वर्षभराच्या पाचटाच्या तीन गंजी रचलेल्या होत्या. मी एक कांडी हातात घेऊन पाहत होते, तेवढ्यात मंदाताई ओरडल्या, "गंजीकडं पळा! जाळ आला!"

शेजारच्या शेतातल्या अण्णांनी आपल्या एका तुकड्यातलं पाचट पेटवलं होतं आणि वारा फिरला होता. आम्ही जाऊन पाहतो तर बांधाकडची गंज पेटलेली! बायका ओली पोती घेऊन धावल्या, सुरेखाने फवारणीच्या ट्रॅक्टरचा पाइप ओढला. मीही एक पोतं घेतलं. माझ्या साडीचा काठ करपला, ते नंतर कळलं. स्वतः अण्णाही धापा टाकत माती लोटत होते. दोन गंजी गेल्या, एक वाचली.

सगळं विझल्यावर अण्णा मान खाली घालून उभे राहिले. सुरेखाचे डोळे धुराने लाल झाले होते, की रडून, मला सांगता येणार नाही. तिने पाइप गुंडाळून ठेवला.

"अण्णा, तुमी पेटवता तरी कशाला?" शेवटी तिने विचारलं.

"पाचटात उंदरं व्हत्यात. खोडवा (तोडलेल्या बुडख्यांतून येणारं दुसरं पीक) बी नीट फुटत न्हाई, पोरी."

"एक एकर माझ्यावर सोडा. निम्मं पाचट मी नेते, निम्मं कुटून सरीत पसरून देते. खोडवा फुटला न्हाई, तर पुढच्या साली खुशाल पेटवा."

अण्णा बांध ओलांडून आपल्या शेताकडे निघून गेले.

रात्री मी तिच्याकडेच राहिले. सकाळी मी निघायच्या तयारीत असताना ट्रॅक्टरचा आवाज आला. अण्णांनी पाचटाने भरलेली ट्रॉली शेडसमोर आणून लावली.

"एक एकराचं न्हाई, उरलेल्या सगळ्या रानाचं देतो, ही पयली खेप," ते म्हणाले. "जळलं त्येवढं तरी भरून निघंल. सरीत किती टाकायचं, ते तू येऊन दाव."

बस सुटली. वाटेत दोन ठिकाणी शेतांतून धूर निघताना दिसला. पर्यावरण आणि रोजगार यांवर मी वर्गात कित्येकदा बोलले आहे. पण पोटतिडकीने उभं केलेलं काम डोळ्यांदेखत जळूनही, ज्याच्या हातून ते जळलं त्याच्याशी नीट बोलायचं असतं, हा धडा माझ्याकडे नव्हता. तो मला सुरेखाने दिला.