कुसुमच्या वर्गातल्या कोऱ्या पाट्या

शिक्षक मंडळी, आज दुपारी भाचीचा फोन आला. ती नुकतीच शिक्षिका झालीय. तिच्या वर्गात ऐकू न येणारी एक मुलगी आलीय. "मला नाही जमलं तर?" तिने विचारलं. तेव्हापासून मलाही चैन नाही.

पंचाऐंशी सालच्या सुमारास मी कोकणात आचऱ्याजवळच्या एका शाळेत शिकवत होते. माझ्या तिसरीतल्या कुसुमलाही ऐकू येत नसे. एक दिवस तिचे वडील आले.

"बाई, तिका आयकाक येणा नाय. उद्यापासून शाळेत धाडूचंय नाय."

मी आठवडाभराची मुदत मागितली. शिकवायचं कसं, हे मलाच ठाऊक नव्हतं.

तिच्या शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तुमी फळ्याकडे बघून बोललात की तिका कळणा नाय."

मग मी वर्गाकडे तोंड करून, तिला माझे ओठ दिसतील असं बोलू लागले. प्रश्न फळ्यावर लिहायचा, उत्तर सगळ्यांनी पाटीवर लिहून पाटी वर धरायची.

पहिल्याच दिवशी कुसुमचं उत्तर बरोबर आलं. आठवड्यानंतरही वडील तिला धाडत राहिले; तिची शाळा टिकली.

पण त्या पहिल्या दिवशी ऐकू येणाऱ्या नऊ मुलांच्या पाट्या कोऱ्या होत्या. रोज माना डोलावणारी मुलं ती. त्यांना सगळं कळतंय, असंच मी धरून चालले होते.

तुमच्या वर्गात आज कोण नुसतीच मान डोलावत होतं?