झाकणावरची तारीख

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, बावीस वर्षं एका प्रयोगशाळेत टोळ सांभाळत होती. मी त्याच इमारतीत फिटर. तिचं काम सांगायला सोपं. मादीनं वाळूच्या डब्यात अंडी घातली की झाकणावर तारीख लिहायची, वाळू ओलसर ठेवायची, उबेचं कपाट तीस अंशांवर. ठरल्या दिवशी संशोधक बाई अंडं फोडून आतल्या गर्भाचा मेंदू बघत. आधी चेतापेशी तयार होतात, मग ग्लिया नावाच्या पेशी येऊन त्यांच्या जुड्या वेढून बसतात. कितव्या दिवशी काय होतं, हाच बाईंचा अभ्यास. दिवस चुकला की सगळं पाण्यात.

एका गुरुवारी बारा दिवसांच्या गर्भात ग्लिया जागेवर दिसेनात. बाई खूश. काहीतरी नवं हाती लागलं, सोमवारी वरिष्ठांपुढे मांडणार. आक्काला मात्र वेगळीच शंका. आठवड्यापूर्वी पाणी शिंपडताना तिनं दोन डब्यांची झाकणं एकदम काढली होती. डबे हुबेहूब सारखे.

तिची नोकरी दरवर्षी नव्या सहीची, आणि सही बाईंची. मी म्हटलं, गप्प बस, कुणाला कळतंय.

"तू कधी ढिला नट तसाच सोडून आलास?" एवढंच म्हणाली.

शुक्रवारी तिनं बाईंसमोर दोन्ही डब्यांतलं एकेक अंडं फोडलं. दिवस भरत आले की गर्भाचा डोळा लाल होतो. मी दारात कपाटाचं बिजागर बसवत होतो. एकच स्क्रू तीनदा पिळला.

"बाई, झाकणावर कमी दिवसवाल्याचा डोळा लाल झालाय. जास्तवाल्याचा अजून फिका. झाकणं माझ्या हातून बदलली."

बाई सूक्ष्मदर्शकात बघत राहिल्या.

"सोमवारी मी काय बोलणार होते, माहीत होतं ना?"

"म्हणूनच आज आले."

बाईंनी लिहिलेली पानं उलटी ठेवली. मग मार्कर तिच्यापुढे सरकवला. "यापुढे तारीख डब्यावर. आजचे डबे कुठायत?"

आक्कानं तारीख घातली. आकडा वाकडा आला. तिनं तो घासून पुसला, पुन्हा नीट लिहिला, मगच डबा कपाटात ठेवला.