खिडकीवरचे टर्मिनल

फिनेलचा वास आला की मला घाटकोपरची ती रक्तपेढी आठवते. तिथली संगणक यंत्रणा मी सांभाळायचे. एका दुपारी रक्त देण्याच्या खिडकीवरच्या टर्मिनलांवर लॉगिनच येईना, आणि नोंद झाल्याशिवाय रक्ताची पिशवी देता येत नव्हती. बाहेर एक बाई सारखी विचारत होती, "ताई, अजून किती वेळ?" आमचे साहेब म्हणाले, "सर्व्हर बंद करून चालू कर." मी म्हटलं, "नको सर, आत प्रयोगशाळेत रक्त जुळवणं चाललंय, त्यांचं काम मध्येच तुटेल." टर्मिनलवर लक्ष ठेवून लॉगिन देणारी प्रोसेस, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, अडकली असणार, याची मला खात्री होती. चालू प्रोसेस बघितल्या, तर एकाच नावाच्या दोन निघाल्या, एक खिडकीची आणि एक प्रयोगशाळेची. "चुकीची बंद केलीस तर आतल्या कामाचीही वाट लागेल हां!" "नाही चुकणार, सर." अशी प्रत्येक प्रोसेस आपला क्रमांक आपल्या फोल्डरमध्ये ठेवते, खिडकीच्या फोल्डरमधला क्रमांक ताडून मी तेवढीच बंद केली. सिस्टीमने लगेच तिच्या जागी नवी उभी केली आणि पडद्यावर लॉगिन आलं. ती बाई रक्ताची पिशवी ठेवलेला थर्माकोलचा डबा छातीशी धरून रिक्षाकडे धावली, माझ्याकडे बघायला तिला सवड नव्हती. आता माझ्या टीममधलं कोणी मशीन बंद करू का विचारलं, की मी आधी विचारते, "आत्ता त्यावर कोण कोण काम करतंय रे?"